संबळापासून सुरुवात करा

घरात लग्न पार पडलं, की नांदेड-लातूरकडे अजूनही पुष्कळ घरी गोंधळ घालतात. पाटावर नवं कापड, त्यावर गव्हाची नाहीतर तांदळाची रास, वर घट, भोवती उसाची ताटं उभी बांधलेली. दिवटी पेटते, तेलाचा वास पसरतो आणि संबळ कडाडतो. पाहुणे तोवर मागच्या खुर्च्यांवर गप्पांत रमलेले असतात. पुढच्या वेळी तसं करू नका. पुढे येऊन सतरंजीवर, संबळ वाजवणाऱ्यापासून चार-पाच हातांवर बसा आणि पहिली दहा मिनिटं नुसते त्याचे हात पाहा. कमरेला दोन वाद्यं बांधलेली असतात, एक लहान, एक मोठं, एकमेकांना घट्ट आवळलेली. दोन्ही हातांत काठ्या, त्यातल्या एकीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं. लहान वाद्यातून टणक, चढा बोल निघतो, मोठ्यातून घुमारा. आधी कान फक्त मोठ्यावर ठेवा. मग फक्त लहानावर. तिसऱ्या खेपेला दोन्ही एकत्र ऐका. मघाशी जो नुसता गलबला वाटत होता, त्याची वीण आता कळू लागते.

जगभरचं पारंपरिक संगीत आणि नाच कसे ऐकावेत, कसे पाहावेत असं मला कुणी विचारलं, की मी आधी हेच करायला सांगते. विचारणारे थोडे खट्टू होतात. त्यांना आफ्रिकेची, स्पेनची, जपानची यादी हवी असते. यादी मी देतेच, पण यादीने काही होत नाही हे मी बघितलंय. मोबाइलवर आज पृथ्वीच्या कुठल्याही कोपऱ्यातलं गाणं मिळतं. आपण अर्धा मिनिट ऐकतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि बोटाने पुढे सरकवतो. कानाला धरायला काहीतरी ओळखीचं लागतं. ते ओळखीचं आपल्या गल्लीत, आपल्या यात्रेत, आपल्या देवघरात आहे. म्हणून माझी पद्धत एवढीच: आधी इथलं एक वाद्य किंवा एक नाच नीट ऐकायचा-पाहायचा, आणि मग त्याचं दूरदेशीचं भावंड शोधायचं.

संबळाचंच बघा. गोंधळानंतर दोन-चार दिवसांत, कानात तो घुमारा ताजा असताना, तुर्कस्तानातल्या खेड्यातल्या लग्नाची एखादी चित्रफीत लावा. शोधताना ‘दावुल झुर्ना’ एवढे दोन शब्द पुरतात. दावुल हा गळ्यात अडकवलेला मोठा ढोल. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी. जाड टिपरू घुमतं, काडी तडतडते. संबळावर कान बसलेला असेल, तर ही जोडी तुम्हाला कुणी समजावून सांगावी लागणार नाही. झुर्ना म्हणजे आपल्या सनईची बहीण. तिलाही दुहेरी पत्ती असते, वादक नाकाने श्वास घेता घेता गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर मध्येच तुटत नाही. आपल्याकडे सनई मंगल म्हणून मांडवात हळू वाजते. झुर्ना मोकळ्या माळावरची आहे, तिचा आवाज कानात घुसतो. पहिल्यांदा कर्कश वाटला तर खोलीतून बाहेर जा आणि गच्चीवरून ऐका. ती दुरून ऐकण्यासाठीच घडलेली आहे. आणि ‘नगारा’ हा आपला शब्द मूळ अरबीतला. नगाऱ्यांची अशीच लहान जोडी उस्मानी तुर्कांच्या लष्करी वाद्यवृंदात होती आणि अशी जोडी युरोपातही पोहोचली.

गोंधळातलं दुसरं वाद्य तुणतुणं. एक पोकळ नळकांडं, खाली चामडं, एक तार. एवढ्यावर माणूस रात्रभर कथा सांगतो. आधी देवांना आवतण जातं, तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, जेजुरीच्या खंडोबाला, कोल्हापूरच्या लक्ष्मीला, आणि मग आख्यान. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांची ध्वनिमुद्रणं मिळाली तर जरूर ऐका. बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं, याची सीमा सापडत नाही. तीच सीमा पश्चिम आफ्रिकेत मालीमध्ये पुसली जाते. तिथे वंशपरंपरेने गाणारी, राजांच्या आणि घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ असणारी घरं आहेत. त्यांना जेली म्हणतात, फ्रेंचांनी ग्रिओ म्हटलं. लग्नात, बारशात ते येतात, घराण्याचं नाव घेऊन गातात आणि बिदागी घेतात. त्यांचं वाद्य कोरा. अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं, एकवीस तारा, आणि वाजवायला दोन हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढीच चार बोटं. तुमानी दियाबाते हे त्यातलं फार मोठं नाव, २०२४ साली गेले. आपल्या घरात हे काम ७१ पिढ्यांपासून चालत आलंय, असं ते सांगत. बालाके सिसोको यांच्यासोबतची त्यांची १९९९ सालची जुगलबंदी आहे, ती घ्या. पहिल्यांदा ऐकताना फक्त अंगठ्यांकडे, म्हणजे खालच्या जाड सुरांकडे लक्ष ठेवा. ते गोल फिरत राहतात, न थकता. वरचं सगळं नक्षीकाम त्यांच्या भरवशावर चाललेलं असतं.

आता नाचाकडे येऊ, कारण बरेच जण नाच पाहतात तो चेहऱ्यापासून. मी म्हणेन, पायांपासून पाहा.

मार्गशीर्षाच्या शेवटी लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार. वाघ्या-मुरळी, पोतराज, गोंधळी सगळे तिथे भेटतात, तमाशाचे फड उतरतात आणि लावणीचा महोत्सव होतो. बायकांनीही आवर्जून जावं. जागा पुढची धरावी. गाणारी वेगळी आणि नाचणारी वेगळी असेल, तर आधी गाणारीकडे पाहा, मग ढोलकीकडे, मग नाचणारीच्या घोट्यांकडे. पाच-पाच किलोंचे घुंगरू बांधून ती एकच घुंगरू वाजल्यासारखा बारीक आवाज काढते, तेव्हा ढोलकी मागे हटलेली असते. ते दोघांचं बोलणं असतं. एकदा ते पकडलंत, की स्पेनचं फ्लामेंको तुमचं झालं.

फ्लामेंकोत मूळ गाणं, मग गिटार, मग नाच. घुंगरू नाहीत, बुटांच्या टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले असतात. ताल मात्र आपल्या कानाला चकवतो. बारा मात्रांचं आवर्तन आहे म्हटल्यावर आपण लगेच एकताल लावून बघतो आणि दुसऱ्याच आवर्तनात चुकतो. त्यावर उपाय आहे. ‘सोलेआ’ या संथ प्रकारापासून सुरू करा. मांडीवर एक ते बारा मोजा आणि तीन, सहा, आठ, दहा, बारा या आकड्यांवर जोरात थाप द्या. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. सुरुवातीला गाणं न लावता नुसतंच मोजा, भाजी निवडताना, बसमध्ये. आठवडाभरात हात आपोआप पडू लागतो. मग गाणं लावा. दहाव्या मात्रेवर काहीतरी मिटल्यासारखं, टेकल्यासारखं वाटेल, आणि त्याच सुमारास बसलेल्यांपैकी कुणीतरी ‘ओले’ म्हणेल. आपण समेवर ‘वा’ म्हणतो तेच ते. नंतर ‘बुलेरिया’ घ्या, हाच ताल, पण पळता. पाको दे लुसिया यांची गिटार आणि कामारोन यांचा गळा एकत्र आहेत अशी जुनी ध्वनिमुद्रणं त्यासाठी उत्तम.

तबला-पेटी शिकणाऱ्या मुलांना मी एक वेगळा खाऊ देते. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. बल्गेरियातला ‘राचेनित्सा’ नावाचा नाचही सातांचा, पण दोन-दोन-तीन. मुलं रूपक हातावर धरतात आणि त्या नाचाची चित्रफीत लावली की पायांकडे बघून सांगतात, ‘मॅडम, हे शेपटीकडून वाजवतायत.’ एका नागपंचमीला आमच्या कॉलनीतल्या बायकांनी फेर धरला होता, तेव्हा आम्ही तो पाय घालून पाहिला. दोन लहान पावलं, एक लांब. चार जणी पडता पडता वाचल्या, पण अर्ध्या तासात फेर जमला. नुसतं पाहून न कळलेली गोष्ट गुडघ्यांना कळते. म्हणून जिथे फेरात शिरायची मुभा असेल तिथे शिरा, मागे उभं राहून फोन धरू नका.

मुभा असेल तिथे, हे मात्र महत्त्वाचं.

किनवट, माहूर, मुखेड, कंधार, इकडे अहमदपूर, जळकोट, उदगीर या भागांत बंजारा तांडे आहेत. होळी हा त्यांचा सगळ्यांत मोठा सण. डफडं वाजतं, पुरुष गोल करून लेंगी गातात, बायका आरसेकामाची फेटिया-कांचळी घालून फेर धरतात, नव्या जन्मलेल्या मुलाचा ‘धुंड’ हा विधी होतो. तांड्यात ओळख असेल तर आवतणावरच जा आणि नायकाला, कारभाऱ्याला भेटून, विचारून बसा. लेंगी ऐकताना एक आवाज पुढे जातो आणि बाकीचे ओळ कशी उचलतात तिकडे ध्यान द्या. ओळ संपायच्या आधीच दुसरा गट ती धरतो, त्यामुळे गाण्याला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. तो जोर कानात घेऊन घरी आलात, की युरोपातल्या रोमा लोकांकडे वळा. त्यांना पूर्वी जिप्सी म्हणत. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले हे भाषेवरून सिद्ध झालंय. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’, पाचाला ‘पांज’ म्हणतात. बंजारा आणि रोमा एकच, असं भाषणांत हमखास ऐकू येतं. ऐकायला गोड आहे, पण तेवढं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा तसं ठोकून देऊ नका. गाणी मात्र शेजारी शेजारी ठेवून जरूर ऐका. रोमानियातल्या क्लेजानी गावच्या वादकांचा ‘ताराफ दे हायदुक्स’ हा ताफा, किंवा स्कोप्येच्या गायिका एस्मा रेजेपोवा. आणि ‘लाचो द्रोम’ हा १९९३ सालचा टोनी गॅटलिफ यांचा चित्रपट आठ-दहा जण मिळून पाहा. राजस्थानात सुरू होतो, स्पेनमध्ये संपतो, संवाद जवळजवळ नाहीतच. भाषेची अडचण नसलेला इतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

किनवटच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीला लागून गोंड समाजाची दंडारी दिवाळीत निघते. मोरपिसांचे प्रचंड मुकुट घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. सीमेपलीकडच्या मारलवाईचे कनकराजू यांना याच नाचासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या दिवसांत गुसाडीच्या अंगी देव असतो ही तिथली श्रद्धा आहे. मुकुटाला हात लावणं, खांद्यावर हात टाकून फोटो काढणं हे तिथे चालत नाही, चालू नये.

देवाच्या दारातलं संगीत ऐकायची रीत वेगळी, आणि ती शिकायला नांदेडसारखी जागा नाही. गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथेच विसावले. तख्त सचखंड श्री हजूर साहिबला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, माथा टेकतो, लंगर घेतो आणि परततो. एकदा त्यासाठी पहाटे उठा. पाय धुऊन, डोकं झाकून आत जा, भिंतीला टेकून पाऊण तास बसा. फोन बंद. टाळ्या नाहीत. सूर फुलवून दाखवणं हे तिथल्या गाणाऱ्याचं काम नाही, शब्द पोहोचवणं हे त्याचं काम. गुरू ग्रंथसाहिबची रचनाच रागांनुसार आहे, मुख्य राग ३१, शेवटचा जैजैवंती. त्यात आपल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नरसी इथून फार लांब नाही, हिंगोली जिल्ह्यात. कुठलं पद नामदेवांचं, हे शेजारी बसलेल्या एखाद्या वयस्कर सरदारजींना हळूच विचारा. फार आनंदाने सांगतात. आणि संध्याकाळची आरती चुकवू नका, दिवे, नगारा आणि सगळ्या संगतीचा एक आवाज.

आज कीर्तनात पेटी दिसते. ती मूळची युरोपची, पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात घडली, आणि बसून हाताने भाता मारायची सोय कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी केली. गुरू नानकांबरोबर होता तो मात्र रबाब. वाजवणारे भाई मर्दाना, जन्माने मुसलमान, आयुष्यभराचे सोबती. म्हणून हजूर साहिबहून परतल्यावर अफगाणिस्तानचा रुबाब ऐका, उस्ताद मोहम्मद उमर यांचा. तुतीच्या एकसंध लाकडातून कोरलेलं वाद्य, वर बकरीचं कातडं. सरोद याच्यातूनच आला. धुनेच्या दोन सुरांच्या मधे उस्ताद एका उंच मोकळ्या तारेवर सारखा टणत्कार देत राहतात. तो टणत्कार आधी त्रास देतो. दहाव्यांदा ऐकताना तो थांबला की चुकल्यासारखं होतं.

लातूरकरांना यासाठी नांदेडलाच यावं लागतं असं नाही. औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन आहे. औसेकर महाराजांची ही परंपरा पंढरपुरापर्यंत मानाने पोहोचलेली. भजनाच्या लयीवर गोल फिरत जाणारी ती पावलं पाहिली, की मला तुर्कस्तानातल्या कोन्याचे मेवलेवी दरवेश आठवतात. एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मी म्हणत नाही. फिरता फिरता माणसाचं ‘मी’पण गळून पडावं, ही ओढ दोन्हीकडे आहे. जलालुद्दीन रूमी १२७३ साली १७ डिसेंबरला गेले. त्यांच्या अनुयायांत तो दिवस मीलनाचा मानतात. ‘समा’ पाहताना कपड्यांचा अर्थ माहीत असावा. उंच टोपी म्हणजे थडग्याचा दगड, वरचा काळा झगा म्हणजे कबर, तो उतरवल्यावर दिसणारा पांढरा घेर म्हणजे कफन. उजवा तळवा आभाळाकडे, डावा जमिनीकडे. डावा पाय रोवलेला आणि उजवा फिरवत नेणारा. आधी बराच वेळ फिरणं सुरूच होत नाही, नेय बासरी वाजत राहते. तो भाग पुढे ढकलू नका. शेवटी प्रार्थना होते, तेव्हाही टाळ्या वाजवत नाहीत. पडद्यावर पाहतानासुद्धा मी त्या वेळी बोलत नाही. कंधारच्या दर्ग्यात उरुसाला कव्वाली ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

काही संगीत मात्र कितीही ओळखी काढल्या तरी सुरुवातीला परकंच राहतं. तिथे थोडा धीर धरायचा. जावा बेटावरचं गेमलान हे पितळी-काशाच्या घंटा, पट्ट्या, भांडी यांचं वृंदवादन. त्यातली एक स्वररचना पाच सुरांची आहे. आपला भूप जाणणारा कान म्हणतो, ‘बेसूर आहे.’ बेसूर नाही. ते पाच सूर सप्तकात जवळपास सारख्या अंतरावर पेरलेले असतात आणि एका गावचं गेमलान दुसऱ्या गावच्याशी मुद्दाम जुळवत नाहीत. शिवाय आपली सम आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, तर त्यांची सगळ्यांत मोठी घंटा आवर्तनाच्या शेवटच्या ठोक्याला. सगळं वजन शेवटावर. म्हणून मोठी घंटा कधी येते तेवढीच वाट बघत ऐका, बाकीचं आपोआप जागेवर पडतं. आणि तिथल्या वाद्यावरून कुणी पाय टाकून जात नाही. ही शिस्त आपल्या घरांतली आहे, आपल्याला लगेच पटते.

जॉर्जियातली पुरुष मंडळी तीन वेगळ्या सुरावटी एकाच वेळी गातात. आपण एकसुरी परंपरेतले, आपल्याला कुठे बघावं कळत नाही. तळातला आवाज धरा, तंबोरा समजून. मग वरचे दोन सुटे ऐकू येतील. तंबोऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. घरी तंबोरा असेल तर दुपारी शांत वेळी फक्त खर्जाची तार छेडा आणि कान तिच्याजवळ न्या. जवारी चांगली असेल तर त्या एका तारेतून गंधार ऐकू येतो, जो कुणी लावलेला नाही. तो ऐकू आला त्या दिवशी सायबेरियाच्या दक्षिणेकडच्या तुवा प्रांतातला ‘हून-हूर-तू’ हा ताफा ऐका. एकच माणूस एका गळ्यातून खर्ज धरतो आणि त्याच खर्जातले वरचे सूर ओठ-जिभेने वेचून त्यांची शिटीसारखी धून करतो. तंबोरा ऐकलेल्याला तो चमत्कार वाटत नाही, ओळख पटते.

आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा असे ऐकायला बसतो. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, जेवणं उरकून. एका वेळी एकच देश, आणि तीन-चारपेक्षा जास्त तुकडे नाहीत. प्रत्येक तुकडा तीनदा. पहिल्यांदा डोळे मिटून, दुसऱ्यांदा हाताने ठेका धरून, तिसऱ्यांदा चित्रफीत. माहिती कुणीही आधी वाचून दाखवायची नाही, ती शेवटी. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकायचं नाही. त्यात संबळाचं मोठं वाद्य, गेमलानची घंटा, दरवेशांचा नगारा, सगळा घुमाराच गायब होतो आणि उरते ती किरकिर. साधा तारेचा स्पीकर किंवा बऱ्यापैकी हेडफोन घ्या.

पहिल्या बैठकीत काय लावायचं असा प्रश्न पडला, तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेली तबकडी घ्या. ५५ भाषांतले निरोप तिच्यावर आहेत, त्यात मराठीही आहे. संगीताचे २७ तुकडे, दीड तासाचा ऐवज. त्यात गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि तिच्या सोबतीला जावाचं गेमलान, जॉर्जियाचं समूहगान, अझरबैजानचं मुघाम, सेनेगलचे ढोल, जपानची बांबूची बासरी, पेरूमधलं लग्नाचं गाणं, बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्का यांचा डोंगर हलवणारा आवाज. केसरबाईंची भैरवी आधी ऐका, मग शेजारणी.

पुढचं खोदकाम करायचं तर स्मिथसोनियन फोकवेजचा संग्रह आहे, मोझेस ॲश यांनी १९४८ साली सुरू केलेला. तबकड्यांसोबतच्या माहितीच्या पुस्तिकाही तिथे वाचायला मिळतात. ॲलन लोमॅक्स यांनी देशोदेशी फिरून केलेली ध्वनिमुद्रणं फुकट ऐकता येतात. प्रत्यक्ष पाहायला मिळणं जास्त मोलाचं. फेब्रुवारीतला संगीत शंकर दरबार, देगलूर तालुक्यातला होट्टल महोत्सव, नांदेडच्या कुसुम सभागृहातले आणि लातुरात दयानंद सभागृहातले कार्यक्रम, विद्यापीठाचा युवक महोत्सव, यांच्या पत्रिकांवर नजर ठेवा. युवक महोत्सवात तर जिल्ह्याजिल्ह्याची लोककला एकाच दिवशी समोर येते, आणि प्रेक्षकांत बहुतेक स्पर्धकच बसलेले असतात. त्या रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत. आणि एखाद्या चाऊस कुटुंबातल्या लग्नाचं आवतण आलं, तर वरातीत मर्फा वाजतो तेव्हा जेवणाच्या रांगेत उभे राहू नका. निजामाच्या फौजेत आलेल्या येमेनच्या हद्रमौत भागातल्या अरबांनी आणि आफ्रिकेतल्या सिद्दींनी आणलेला हा ठेका आहे. डफ, लहान नगारे, आणि वर चक्क एक स्टीलची घागर. जगाचं संगीत शोधायला निघालेल्या माणसाच्या दारात ते आलेलं असतं.

पैशाचंही बोलायला हवं. परदेशी कलाकारांच्या कार्यक्रमाच्या तिकिटावर हजार रुपये घालणारी माणसं दारात आलेल्या गोंधळ्याशी घासाघीस करतात, हे मला फार लागतं. बिदागी आधी ठरवा, तीत त्याच्या साथीदारांचा विचार करा, आणि रात्री आख्यान संपल्यावर त्यांना घरच्या पंगतीला बसवा. हलगीवाल्याला हलगी शेकायला काट्याकुट्यांचा जाळ पेटवून द्या. कातडं तापून चढल्याशिवाय ती बोलत नाही, आणि थंड हलगीवर नाच सुरू करायला लावणं हा तिचा अपमान आहे. चित्रण करायचं तर विचारून, आणि कुठे टाकणार तेही सांगून.

राहिल्या जात्यावरच्या ओव्या. महाराष्ट्रभरच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी गोळा केल्या, त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यांच्या जोडीला स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची बायकांची गाणी लावा. ओलं लोकरीचं कापड लांब फळीवर आपटत, गोल फिरवत, घट्ट करताना त्या ती म्हणत. एक जण ओळ सांगते, बाकीच्या धरतात, आणि एका बैठकीत म्हटलेलं गाणं पुन्हा म्हणायचं नाही असा त्यांचा समज होता. तिथली जुनी ध्वनिमुद्रणं ‘तोबर अन दूआल्चस’ या संग्रहात आहेत.

ती गाणी मी उदगीरकडच्या माझ्या मावशीला ऐकवली. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिला म्हटलं, तुझ्या ओव्या म्हण. ‘आता कुठल्या आठवायच्या बाई,’ म्हणाली. जातं कधीच मोडीत गेलेलं. मग मी स्टीलचं ताट तिच्यापुढे ठेवलं, त्यात मूठभर ज्वारी टाकली आणि तिचा उजवा हात त्यावर ठेवून नुसता गोल फिरवायला सांगितलं. तीन-चार फेरे रिकामे गेले. पाचव्या फेऱ्याला तिने डोळे मिटले आणि पहिली ओवी आली, मग तिच्या मागून दुसरी. फोन बाजूला सुरूच होता. ताटातली ज्वारी सगळी कडेला जाऊन बसली तरी हात थांबला नाही.